रायपूरला खाल्लेली कोदोची ठेठरी

रायपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या एका बॅगेत कपडे होते आणि दुसरीत खाणं. तांदळाच्या भाकरी, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे. नाशिकहून सख्ख्या बहिणीकडे चार दिवसांसाठी जाताना एवढा शिधा कशाला, असं कुणालाही वाटेल. मला दोन वर्षांपूर्वी सिलिअ‍ॅक निघाला. गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन या आजारात आतड्याला सोसत नाही. चिमूटभर कणीक पोटात गेली तरी मी तीन दिवस अंथरुणात असते. निदान झाल्यापासून मी कुठे गेलेच नव्हते. नंदाताईने नवं घर घेतलं नसतं तर या वेळीही गेले नसते.

घर तेलीबांध्याला, तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर. भाऊजी मूळचे भंडाऱ्याचे. नोकरी सगळी रायपूरजवळ सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात झाली, पण बोली तिकडचीच राहिली. वास्तुशांतीचा प्रसाद म्हणून त्यांनी शिऱ्याची वाटी पुढे केली.

"भाऊजी, रवा गव्हाचा असतो. मला नाही चालत."

"मले मालूम हाय वो. पन प्रसाद हाय. एवढ्याशानं काय होते?"

मी हात जोडले. ताईने त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली. जेवताना माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहुणी घरात आपल्या भाकरी आपणच सोडून खात होती, आणि यजमान मान खाली घालून जेवत होते.

भाची ऋचा नव्या रायपूरला एका कार्यालयात नोकरी करते. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, चलो मेरे साथ. ऑफिस के पास मिलेट वाला कैफ़े है, गेहूं कुछ भी नहीं." मी कबूल झाले, ते मुख्यतः घराबाहेर पडता यावं म्हणून.

तेलीबांध्याहून गाडीने निघालो. नव्या रायपूरचे रस्ते इतके रुंद की पलीकडच्या बाजूचा माणूस लहान दिसतो. माणसंही मोजकीच. लांब कुंपणं, दूरवर सरकारी इमारती आणि एका थांब्यावर बसची वाट बघत छत्री उघडून बसलेल्या दोन बायका. ऊन सरळ डोक्यावर येत होतं.

कॅफे म्हणजे पत्र्याच्या छपराखालची स्वच्छ खोली. बचत गटाच्या चार बायका ती चालवतात. मोठ्या फळ्यावर लिहिलं होतं, 'बिना गेहूं'. गल्ल्याजवळ पन्नाशीच्या दुलारीबाई होत्या, कपाळावर मोठी टिकली, पदर खोचलेला. त्यांनी बरणीतून ठेठरी काढली. ठेठरी म्हणजे पिठाची बोटभर जाडीची वळी दुमडून, पीळ घालून तळलेला खारा पदार्थ. एरवी ती बेसनाची करतात. इथे निम्मं पीठ कोदोचं (आपल्या कोकणातला हरीक) होतं.

"एमा गहूँ नइ हे दीदी," (यात गहू नाही) त्या म्हणाल्या. "कोदो म रेसा रथे, पेट बर बने हे." (कोदोत चोथा असतो, पोटाला चांगला.)

पीठ कुठे दळता, असं मी विचारलं. गटाची स्वतःची चक्की होती, तीत गहू घालत नाहीत. तेल? फक्त ठेठरीचं. सगळी उत्तरं पटण्यासारखी होती. मी तुकडा मोडला आणि हिंगाचा वास आला.

विकतचा हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. हे मी दवाखान्यात शिकले होते. आता हेही विचारायचं का? ऋचा माझ्याकडे बघत होती, मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. कालची शिऱ्याची वाटी आठवली. खाऊन टाकावं, बघू काय होतं ते, असं क्षणभर वाटलंही.

"बाई, हिंगाचा डबा दाखवता का?"

दुलारीबाईंचा चेहरा बदलला. "दीदी, मैं झूठ नइ बोलत हँव," (मी खोटं बोलत नाही) त्या म्हणाल्या. तरी डबा घेऊन आल्या. अक्षरं मुंगीएवढी. ऋचाने फोनवर फोटो काढून तो मोठा केला आणि मोठ्याने वाचलं, "गेहूं का आटा."

मागच्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं. दुलारीबाई डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "मोला पता नइ रिहिस," (मला ठाऊक नव्हतं) त्या हळू म्हणाल्या. मग त्यांनी ठेठरीच्या तिन्ही बरण्या गल्ल्यावरून उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. मागच्या माणसाने "हमको तो चलेगा" म्हटलं, तरी दिल्या नाहीत. आधी फळ्यावरचं खरं झालं पाहिजे, असं त्याला म्हणाल्या.

मला अपराध्यासारखं झालं. मी निघू लागले तर त्यांनी हात धरून बसवलं. कढई राखेने घासली, नवं तेल ओतलं, परात दोनदा धुतली आणि हिंगाशिवाय, जिरं, ओवा, तीळ घालून पीठ मळलं. अर्ध्या तासाने केळीच्या पानावर चार ठेठऱ्या आल्या.

पहिला घास कडक. कोदोला भाजल्या मातीसारखा वास आणि शेवटी किंचित कडवटपणा. रवाळ चुरा दाढांत अडकतो, पाणी प्यावं लागतं. दुसऱ्या ठेठरीपासून बरी लागू लागली, चौथी मी हावरटासारखी खाल्ली. परक्या हातचं तळलेलं खाऊन दोन वर्षं झाली होती. दुलारीबाई समोर बसून एकटक बघत होत्या. नंतर म्हणाल्या, उद्या ऋचाकडून निरोप पाठव, त्याशिवाय मला चैन पडणार नाही.

घरी ऋचाने जेवताना सगळं सांगितलं. भाऊजी उठले, चष्मा लावून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आतून डबे हलवल्याचा आवाज येत राहिला. मग दारात येऊन म्हणाले, "नंदा, आपल्या हिंगातबी गहूच हाय ना वो! काल ह्या बाईनं वरन खाल्लं असतं तर?" माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून नाई सांगतलं तुमी आमाले?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट तर वाटलंच," ते म्हणाले. "पन तुमी आजारी पडल्या असत्या तर काय चांगलं वाटलं असतं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी बिनहिंगाचं वरण स्वतः फोडणीला घातलं. थोडं करपलं. मी दोनदा वाढून घेतलं.

पोट ठीक राहिलं. ऋचाने तसा निरोप दिला.

नाशिकला परतल्यावर सगळे छत्तीसगडच्या नव्या राजधानीबद्दल विचारतात. मी रुंद रस्ते आणि तळं सांगते, त्यापलीकडे मी पाहिलं तरी काय! विचारलं की माणसं दुखावतात, म्हणून मी दोन वर्षं घरात बसले होते. ते काही खोटं नव्हतं. भाऊजी दुखावले, दुलारीबाईही दुखावल्या. पण दुखावल्यावर दोघांनीही चूल पेटवली, हे मात्र मी घरात बसून हिशेबात धरलंच नव्हतं.

मुलगा हैदराबादला असतो. त्याचं घर मी अजून पाहिलेलं नाही. परवा त्याला फोन केला, म्हटलं, येते. सुनेला फोनवर घे, तिला काही गोष्टी नीट सांगायच्या आहेत.