पाठीवरच्या दोन थापा

जानेवारीतल्या एका सकाळी सव्वासातला आम्ही नांदेडच्या घरासमोरून निघालो. निघालो म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. पुढच्या टायरमधली हवा मी आदल्या संध्याकाळी दोनदा तपासली होती, पण मधल्या वेळात काय झालं असेल ते कुणी सांगावं? हवा जिथल्या तिथं होती. माझी बायको सुनंदा मागच्या सीटवरून उतरलीसुद्धा नाही. "झालं का समाधान?" एवढंच तिनं हेल्मेटच्या आतून विचारलं.

मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. ॲसिडच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळं जे सांडू शकतं ते सांडणारच अशा हिशोबानं मी जगतो. त्यात बारा वर्षांपूर्वी आमचा अपघात झाला होता. चाकूरहून, म्हणजे सुनंदाच्या माहेराहून परत येताना लोह्याच्या अलीकडे एका वळणावर खडीवरून मोटरसायकल घसरली. मला नुसतं खरचटलं. तिचा डावा पाय मोडला, त्यात सळई बसवावी लागली. त्यानंतर ती मोटरसायकलवर कधी बसली नाही, आणि गाडीवर बस, असं तिला म्हणायची माझी छाती झाली नाही. माहेरी ती एसटीनं जायची.

गेल्या दिवाळीत तीच म्हणाली, "आवंदा (यंदा) चाकूरला गाडीवर जाऊ. पर सरळ न्हाई. देगलूर, उदगीर, निलंगा, औसा, असं फिरत फिरत. एसटीच्या खिडकीतून बारा वर्षं तेच एक वळण बघून राहिले. लई झालं."

तिच्या दोन अटी होत्या. गाडी तीच निवडणार, ही पहिली. दुसरी अशी की तिनं माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या की मी गाडी थांबवायची, का म्हणून विचारायचं नाही. ती उतरणार, आणि वाटलं तर तिथून एसटीनं घरी जाणार. ही दुसरी अट मी मान खाली घालून मान्य केली. त्याचं कारण पुढं येईलच.

गाडी निवडायला आम्हाला तीन आठवडे लागले. मी इंजिनाची ताकद आणि टाकीत किती पेट्रोल मावतं याची वही करून नेली होती. सुनंदानं ती उघडलीसुद्धा नाही. दुकानात शिरायचं, मागच्या सीटवर डावा पाय टाकून बघायचा आणि पाय पुरला नाही की "पुढची दाखवा", एवढंच तिचं चालायचं. लांबच्या प्रवासाला मोठीच गाडी हवी, असं प्रत्येक विक्रेता सांगत होता. एक तर म्हणाला, "काकू, सवय होईल." ती म्हणाली, "सळईला सवय होत नसते." शेवटी जी घेतली ती मध्यम होती. सीट बुटकी, मागे धरायला भक्कम दांडा, पायाला रुंद आधार, बिनट्यूबचे टायर, पुढं डिस्कब्रेक आणि जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारं एबीएस. माझ्या वहीत ती चौथ्या नंबरावर होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

गाडीबरोबर फुकट मिळालेली हेल्मेटं मी परत केली आणि पूर्ण चेहरा झाकणारी दोन विकत घेतली. साडी सोडून ती पंजाबी ड्रेसवर आली, अंबाड्याची वेणी झाली. पंक्चरचं सामान, हवेचा छोटा पंप, क्लचची जास्तीची वायर, मलमपट्टी, कागदपत्रांच्या दोन-दोन प्रती, सगळं पिशव्या करून बांधलं. दोघांचे रक्तगट लिहिलेली चिठ्ठी मी तिच्या खिशात घालायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "ही चिठ्ठी कुणी वाचायला येईल तवा मी बोलायच्या ठिकाणी असंल का?" तरी तिनं ती ठेवून घेतली.

पहिला थांबा नरसीला, चहाचा. आरशात मला रस्त्यापेक्षा सुनंदाचं हेल्मेटच जास्त दिसत होतं. ते जरा हललं की माझी पाठ ताठ व्हायची. देगलूरला पोचलो तेव्हा माझी बोटं ब्रेकच्या दांडीवर आखडली होती. तिथल्या हॉटेलवाल्यानं गाडीवरचं सामान बघून विचारलं, "कुठवर?"

"उदगीर, औसा, मग चाकूर."

"मेल्लगा जावा (तेलुगूत: हळू). फुडं रस्ता उकरून ठिवलाय."

त्याचं खरं होतं. देगलूर सोडल्यावर काही वेळानं डांबर संपलं आणि खडी सुरू झाली. मी वेग उतरवला, दुसऱ्या गिअरवर आलो, आणि तेवढ्यात पाठीवर दोन थापा पडल्या. मी जागच्या जागी थांबलो. ती उतरली, हेल्मेट न काढताच कडेकडेनं चालायला लागली. मी एकटाच गाडी घेऊन तो पट्टा पार केला आणि पलीकडे डांबरावर वाट बघत उभा राहिलो. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आली होती. त्या ज्वारीतून पांढरं हेल्मेट जरासं लंगडत येताना बघून मला फार वाईट वाटलं. जवळ आल्यावर ती म्हणाली, "थांबले तुमी," आणि बसली. तिच्या आवाजात नवल होतं.

उदगीरला मुक्काम केला. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा माझा नियम होता, कारण हे उसाचे दिवस. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या कुठं उभ्या असतील याचा नेम नसतो. दुसऱ्या दिवशी निलंग्यात टपरीवर निलंगा राईस खाल्ला. नाव साहेबी असलं तरी हा आपला झणझणीत मसालेभात, वर कुस्करलेली भजी. मला ठसका लागला, सुनंदानं दुसरी प्लेट मागवली. खरोशाच्या लेण्यांच्या पायऱ्या ती पायामुळं अर्ध्याच चढली आणि खाली बसून राहिली. मी वर जाऊन आलो खरा, पण लेण्यांपेक्षा खाली उभ्या केलेल्या गाडीकडेच माझं लक्ष होतं. औशाचा किल्ला मात्र दोघांनी सावकाश बघितला. तटावर वारा खात ती म्हणाली, "गाडी चांगली निवडली मी." मीही मान्य केलं.

रोज सकाळी निघण्याआधी मी गाडीशेजारी उकिडवा बसून चाकं, चेन, ब्रेक, दिवे तपासायचो. उदगीरला तपासलं, औशाला तपासलं. लातूरला बाजारात दुपारचं थांबलो तेव्हा तिथंही तपासलं. तिसऱ्या संध्याकाळी चाकूरला पोचलो. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, येसर आमटीनं डोळ्यांत पाणी आणलं आणि लेक गाडीवरून आली म्हणून शेजारच्या चार बायकांना गाडी दाखवली. त्या चाकाला हात लावून बघत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी सवयीनं पुढच्या चाकाशी बसायला गेलो, तर मेव्हण्यानं दंड धरून मला उठवलं. "दाजी (बहिणीचा नवरा), तुमी असं चाकाखाली बसून राहिले तर गाव काय म्हनंल? जावायाला गाडी पुसाय लावली म्हनतील. व्हा बाजूला, मी बघतो." त्यानं दोन्ही टायरांना पायानं ठोकलं आणि "एकदम कडक" असा निकाल दिला. ओसरीत खुर्ची टाकलेली होती. मी खुर्चीत बसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, हँडलला झेंडूचा हार होता. दही हातावर घेऊन आम्ही निघालो.

गावातून मागच्याच ब्रेकवर आलो. अहमदपूरच्या रस्त्याला लागून चार-पाच किलोमीटर झाले असतील. पंचेचाळीसचा वेग होता. डावीकडच्या शेतातून उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर एकदम रस्त्यावर आला. मी पुढचा ब्रेक दाबला. दांडी हाताला घट्ट लागली, पण गाडी तशीच पुढं जात राहिली. चाकातून किंचाळल्यासारखा आवाज आला. मागचा ब्रेक, खालचा गिअर, जे सुचलं ते केलं. सुनंदाची नखं माझ्या खांद्यात रुतली होती. ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नव्हता, तो गाणी ऐकत निघून गेला.

गाडी कडेला घेतली. खाली बसून बघतो तर ब्रेकची चकती तेलानं निथळत होती आणि तेलात हळद-कुंकू कालवलेलं होतं. सुनंदानं तिथूनच आईला फोन लावला.

"आई, चाकाला काय लावलंस गं?"

"त्याल घातलं की माय," सासूबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "दारात वळवताना किर्रकिर्र वाजून राहिली व्हती. ती चकाकती ताटली हाय न्हवं, तिला दोन्ही अंगानं चांगलं चोळलं. लांबची वाट, चाक हलकं जावं म्हनून. का गं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुनंदानं हात वर करून मला गप्प केलं. "काय न्हाई, बरं केलंस आई. गाडी लई पळून राहिली." फोन ठेवून ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं होतं तिला. मलाही रडू येत होतं, पण ते रागाचं होतं आणि राग माझ्यावरच होता. दोन मिनिटं चाकाशी बसलो असतो तर सगळं दिसलं असतं.

गाडी ढकलत आम्ही पुढच्या फाट्यावर गेलो. तिथल्या पिकल्या दाढीच्या मिस्त्रींनी चकतीवर बोट फिरवून नाकाशी नेलं. "करडीचं त्याल," ते म्हणाले. "काका, चेनला त्याल, डिस्कला न्हाई. डिस्क कोरडीच पायजे. हौसेनं घालतेत लोक, नव्या गाडीला तर हमेशा." चकती त्यांनी साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतली आणि पॅड बदलले, कारण तेल प्यालेले पॅड पुन्हा धरत नाहीत. "आता रिकाम्या रस्त्यावर हळूहळू पंधरा-वीस दफा दाबा. नवे पॅड बसले की मग भरवसा ठिवा."

फाट्यावर एसटीचा थांबा होता. नांदेडची गाडी आली, बसायला जागाही होती. माझ्या तोंडून "जा तू" असं निघून गेलं. सुनंदा उठली, गाडीकडं बघत उभी राहिली. वाहकानं घंटी मारली आणि एसटी गेली. "चला," ती म्हणाली. "रिकाम्या रस्त्यावर दाबून बघा आधी, मग मी बसते."

अहमदपूर गेलं, माळाकोळी गेली. ते वळण जवळ यायला लागलं तसा मी तीसवर आलो, मग पंचवीसवर. रस्ता आता रुंद झालाय, खडी कुठंच नव्हती. वळणाच्या ऐन तोंडाशी पाठीवर दोन थापा पडल्या. मी थांबलो.

ती उतरली, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी बी मी दोन थापा मारल्या व्हत्या."

"माहीत आहे."

"माहीत हाय?"

"लागल्या होत्या मला. दोन्ही." बारा वर्षांत पहिल्यांदा मी हे मोठ्यानं बोलत होतो. "राग होता मला. तुझ्या घरी धाकट्या जावयाला आधी टॉवेल-टोपी दिली होती, मला नंतर. लोह्यापर्यंत थांबायचंच नाही, असं मनात घेतलं होतं. खडी होतीच, पण तू सांगितलंस तेव्हा थांबलो असतो तर खडीवर गेलो नसतो."

तिनं पायानं डांबर चाचपून बघितलं. मग म्हणाली, "खडी व्हती, खडी व्हती, असं तुमी सगळ्यास्नी सांगत राहिले. डॉक्टरला, आईला. मग मलाच वाटाय लागलं, थापा मी मारल्याच न्हाईत की काय. म्हनून तर ह्या वाटेनं गाडीवर यायचं व्हतं."

माफ कर म्हणालो. ती "हं" म्हणाली. बाटलीतलं पाणी प्यायली, उरलेलं मला दिलं. बारा वर्षांपूर्वी मान राखला नाही म्हणून मी पेटलो होतो, आणि आज सकाळी मान राखला म्हणून खुर्चीत बसून राहिलो होतो. दोन्ही वेळा मागे तीच होती. हे मी तिला तिथंच सांगितलं. "आता कळलं न्हवं," ती म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा लावायला हनुवटी पुढं केली.

लांबच्या प्रवासाला गाडी कोणती घ्यावी, असं आता ओळखीचे लोक विचारतात. मी सांगतो: मागे बसणाऱ्याचा पाय पोचतो ती घ्या. हवा, चेन, दिवे, ब्रेक रोज बघा, सासुरवाडीत तर जरूर बघा, आणि ओवाळणाऱ्यांना डिस्क आधी दाखवून ठेवा. एवढं सांगून मी थांबतो. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून ते इथं लिहिलं.

त्या दिवशी पाच वाजता नांदेडच्या घराच्या फाटकाशी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. सुनंदा उतरेना. मग पाठीवर दोन थापा पडल्या.

"थांबलोय की," मी म्हणालो.

"ठाऊक हाय. लागतेत का ते बघून राहिले."

"लागतात," मी म्हणालो.