शाईने भरलेली घरं

माझ्या नावाने निघालेल्या एकाही पत्रकात हे आलेलं नाही. दादांना सांगितलं नाही, सोबत काम करणाऱ्या मैत्रिणींना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. समोर बसून बोलायचं असतं, तर मी तुमच्यापुढे चहा ठेवला असता आणि दुसराच विषय काढला असता. म्हणून लिहिते आहे.

आधी दादांचं सांगते. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छोटा छापखाना होता. पाण्याचा मोर्चा असो की मजुरीचा, पत्रकं आमच्याकडेच छापली जायची आणि त्यांच्या घड्या मी घालायचे. दादांचा एकच नियम — खाली नाव नसेल तर छापायचं नाही. "आवं, नाव कशाला, उगं भांडणं हुत्यात," असं कुणी म्हणालं, की ते कागद गुपचूप परत करायचे. ही आठवण मी कितीतरी सभांमधून सांगितली आहे. लोकांना आवडते.

आता पुढचं.

बारावीनंतर वर्षभर मी गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचे. दार उघडायच्या शालनमावशी. झाडलोट त्यांच्याकडे होती, म्हणून किल्लीही त्यांच्याकडेच. साक्षरतेच्या वर्गात त्या उशिरा वाचायला शिकल्या होत्या. झाडून झालं, की टेबलाशी उभ्या राहून मोठे मथळे बोटाने वाचायच्या. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. मी बसा म्हणायचे, त्या हसायच्या.

पेपर एकच यायचा, आणि त्यातलं शब्दकोडं म्हणजे सुभेदारकाकांची मिरास. फौजेतून निवृत्त झालेले काका नऊ वाजता चार म्हाताऱ्यांना घेऊन बसायचे. काका खणखणीत आवाजात सूचना वाचणार — "आडवा पाच, जमिनीचा कर, दोन अक्षरी" — बाकीचे उत्तरं देणार, वाद घालणार, आणि सगळ्यांचं एकमत झालं की काका शिसपेन्सिलीने घर भरणार. त्याआधी त्या चौकटीला कुणी हात लावायचा नाही, ही गावाची रीत होती. एक दिवस सगळे अडले होते, तर मी पलीकडच्या टेबलावरून उत्तर सांगितलं. काका म्हणाले, "पोरी, तू तुझं पुस्तक वाच गं. हितं मोठी माणसं बसल्यात." सगळे हसले. एवढंच. यापेक्षा जास्त काही झालं नव्हतं, हे मुद्दाम लिहिते.

दुसऱ्या दिवशी ते यायच्या आत मी सगळं कोडं भरून टाकलं. पेनाने — खोडता येऊ नये म्हणून. आणि घडी घालून पेपर जागेवर ठेवला.

काकांनी पान उघडलं तेव्हा त्यांचं तोंड कसं झालं, ते मी पुस्तकाआडून पाहिलं. मला आनंद झाला. खूप झाला. मग मी रोज भरू लागले. मनात त्याला बंड म्हणायचे. टेबल सगळ्यांचं आहे, हे मी त्यांना दाखवून देत होते ना? पण बंडाखाली नाव कुठे होतं?

शालनमावशी केर काढताना विचारायच्या, "काय लिवतीस गं त्या घरांत?" मी सांगायचे, घरं कशी मोजायची, अक्षर कसं बसवायचं. त्या झाडू भिंतीला टेकवून ऐकायच्या. त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. हे लक्षात ठेवा.

दोन आठवड्यांनी म्हातारे चिडून वाचनालयाच्या चिटणिसांकडे गेले. कोण करतंय? नऊच्या आत पेपर कुणाच्या हाती असतो? किल्ली कुणाकडे आहे? मी रोज तिथे असायचे, पण माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. मी छापखानेवाल्या दादांची मुलगी होते. शालनमावशींना बोलावलं.

"म्या न्हाई लिवलं," त्या म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"आवं, तिला कुठलं यायला एवढं?" एकजण म्हणाला. तेवढ्यावर सुटल्या असत्या. पण चिटणिसांनी रद्दीतला एक जुना पेपर काढला, त्यातलं कोरं राहिलेलं कोडं त्यांच्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं. "बसा. भरा बघू."

त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. मी चार हातांवर होते. पहिल्या दोन सूचना त्यांना आल्या नाहीत. तिसरीवर बोट ठेवून त्या पुटपुटल्या, "मो-त्या-चे घर... तीन." थांबल्या. बोटाने घरं मोजली. आणि सावकाश, एकेका घरात एकेक अक्षर दाबून लिहिलं — शिंपला.

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाचव, असं त्या नजरेत काही नव्हतं. त्यांना आनंद झाला होता. शब्द बसला होता.

"आता काय ऱ्हायलं?" सुभेदारकाका म्हणाले. "एक येतोय तर बाकीचं बी येत असनार की."

त्या वेळी मी उठायला हवं होतं. चार शब्द पुरे होते. मी पान उलटलं. त्या पानावर काय होतं, ते आजही सांगू शकते — नद्या आणि त्यांच्यावरची धरणं.

त्यांची किल्ली काढून घेतली. पेपरला हात लावायचा नाही, झाडायचं ते संध्याकाळी, कुणीतरी असताना. तरी एक वाट उरली होती, बघा. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा कोडं भरलं असतं, तर त्या आपोआप सुटल्या असत्या. नाव न सांगताही सुटल्या असत्या. पण मी घाबरले होते. मी भरणं बंद केलं. आठवड्याने काका सगळ्यांना सांगत होते, "बगा, किल्ली काढली आन् थांबलं." शालनमावशी महिनाभर आल्या, मग यायच्या बंद झाल्या.

इथेच संपलं असतं तर मी फक्त भित्री ठरले असते. पुढे मी सांगलीला आले, लिहू लागले. साताऱ्याच्या एका सभेत वाचनाच्या हक्कावर बोलताना मी ही गोष्ट सांगितली. झाडणाऱ्या बाईला शब्द आला, म्हणून तिला चोर ठरवलं — असं म्हणाले. आवाज चढवून म्हणाले. काकांना, चिटणिसांना नाव न घेता झोडपलं. कोडं कुणी भरलं होतं, ते मात्र गाळलं. लोक उभे राहिले. एका बाईने माझा हात धरून डोळे पुसले. मी तिला धरून ठेवू दिला.

ते भाषण नंतर पत्रक म्हणून छापलं गेलं. खाली माझं नाव आहे.

गेल्या वर्षी आष्ट्याच्या बाजारात शालनमावशी दिसल्या. मेथी विकत होत्या. मीच खाली बसले. तब्येत, पाऊसपाणी झालं. मी विचारलं, "मावशी, वाचता का अजून?"

"कशाला गं? डोळं दुखत्यात," त्या म्हणाल्या, आणि जुड्यांवर पाणी मारू लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू भरतीस का अजून ती घरं?"

"नाही," मी म्हणाले. मी रोज भरते.

त्यांनी मान हलवली. एक जुडी माझ्या पिशवीत घातली. मी उठत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "शिंपला. त्यो माझा मला आलता. तू सांगितलेला न्हवता."

"व्हय," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले, आणि एसटी पकडली.