एक खुंटी शिल्लक

माझ्या ताईला काही समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हे मी रागाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतोय. रागाने म्हणायचं ते पुढे येईलच.

सोमवारी सकाळी तिचा फोन आला. मी बँकेत निघायच्या गडबडीत, एका पायात मोजा, दुसरा सापडत नव्हता.

"कॉम्प्युटर मेला," ती म्हणाली.

"सुटलीस," मी म्हणालो. तिने फोन ठेवला.

ताई छप्पन वर्षांची आहे. तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीत एकटी राहते. अर्ध्या खोलीत तिचा स्वयंपाक आणि पूर्ण खोलीत तो कॉम्प्युटर. गेली बावीस वर्षं ती कोर्टासाठी टायपिंग करते. साक्षीदारांच्या जबान्या, जुन्या खटल्यांचे कागद, कुणीतरी घाईघाईत खरडलेले, ते सगळं ती स्वच्छ टाइप करून देते. अशी कामं बाहेर द्यायला कोर्टाची एक यादी आहे, तीत अकरा नावं, त्यांत ताईचं चौथं. यंदापासून नियम कडक झाला होता. दिलेली तारीख एकदा जरी चुकली, तरी नाव यादीतून कायमचं बाहेर. तिच्या हातातल्या कामाची तारीख होती गुरुवार, संध्याकाळी पाच. एकशे चाळीस पानांपैकी पंच्याण्णव झाली होती.

नाव गेलं तर कमाई गेली, आणि कमाई गेली तर ताईला माझ्याकडे राहायला यावं लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या घरात मागच्या अंगाला एक खोली आहे. पाच वर्षं मी तिला सांगतोय, ये, राहा, कशाला या वयात बोटं झिजवतेस. ती म्हणते, "बघू." तिचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे कळायला मला तीन वर्षं लागली.

संध्याकाळी बँकेतून थेट तिच्याकडे गेलो. तिने जमिनीवर जुनी चादर पसरून कॉम्प्युटरची पेटी आडवी निजवली होती आणि टॉर्च दातात धरून आत डोकावत होती. मला पाहून टॉर्च काढली.

"मदरबोर्ड गेलाय. हे बघ."

आतल्या हिरव्या पत्र्यावर पिंपांसारखे दिसणारे छोटे कपॅसिटर रांगेने उभे होते. त्यांतल्या चारांची डोकी फुगली होती आणि एकातून तपकिरी काहीतरी ओघळून वाळलं होतं.

"नवीन घे," मी म्हणालो.

"पैसे?"

या प्रश्नावर मी नेहमी खिडकीबाहेर बघतो. तेव्हाही बघितलं. नव्या कॉम्प्युटरला तिची चार महिन्यांची कमाई लागली असती आणि तिच्या डब्यात होती जेमतेम आठवड्याची. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा माझा सल्ला. पण पैशांपेक्षाही मोठी अडचण ती नंतर म्हणाली. तिचा टायपिंगचा प्रोग्रॅम चालतो एका किल्लीवर. बोटभर लांबीची ती वस्तू कॉम्प्युटरच्या मागे, जुन्या प्रिंटरच्या लांबट सॉकेटात खोचावी लागते. ती नसली की प्रोग्रॅम उघडतच नाही आणि केलेली पंच्याण्णव पानंही दिसत नाहीत. किल्ली बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. आणि नव्या कॉम्प्युटरला ते सॉकेटच नसतं.

"म्हणजे तुला बोर्डही जुनाच हवा," मी म्हणालो. "लोक नवं मिळत नाही म्हणून रडतात, हिला जुनं मिळत नाही."

"उद्या शोधते," ती म्हणाली आणि पुन्हा टॉर्च दातात धरली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे ती जाणार नव्हती, हे सांगायला नकोच. हात चालवायला ती आमच्या बाबांकडून शिकली. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, पुढच्या खोलीत, अशीच चादर पसरून. ताई दिवा धरायची, मी अभ्यास करायचो. बाबांचा एकच नियम होता: उघडलेली वस्तू बंद करताना हातात काही उरलं, तर समजा काम चुकलं. एखादा वॉशर उरला तरी ते अख्खं यंत्र पुन्हा खोलायचे. मी दिवा धरला नाही, पण हा नियम जेवता-उठता इतका ऐकलाय की अजून गोळ्यांच्या पाकिटात एक गोळी उरली तरी मला चैन पडत नाही.

मंगळवारी ताई जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत फिरली. सहाव्या दुकानात तिला हवा तसा बोर्ड मिळाला. तीच जात, तेच लांबट सॉकेट, जुना प्रोसेसर आणि मेमरी जशीच्या तशी बसेल असा. दुकानदाराचा चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. त्याने सांगितलेल्या किमतीवर ताईने पाऊण तास घासाघीस केली. शेवटी तो म्हणाला, "ताई, फुकट न्या, पण आता जा." तिने फुकट नेला नाही, अर्ध्या किमतीत नेला.

मी पोहोचलो तेव्हा जुना बोर्ड बाहेर आला होता. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, एकेका खळग्यात, स्क्रू काढलेल्या क्रमाने ठेवलेले. पेटीच्या तळाला पितळेच्या छोट्या खुंट्या असतात, त्यांच्यावर बोर्ड टेकतो आणि वरून स्क्रू बसतो. तळाला आठ लावलेल्या होत्या. ब्रश मागायला ताई खालच्या मजल्यावर गेली आणि मी चादरीवर बसलो. ट्रेच्या शेवटच्या खळग्यात मला एक पितळी खुंटी दिसली. पेटीच्या तळाला एक भोक मोकळं दिसलं. माझ्या अंगात बाबा संचारले. मी ती खुंटी उचलली, मोकळ्या भोकात फिरवली, पकडीने घट्ट आवळली आणि समाधानाने हात झटकले. तेवढीच मदत. मग ती वर आली, मी चहा घेतला आणि घरी गेलो.

बुधवारी सकाळी सात वाजता फोन.

"चालू होत नाही."

"म्हणजे?"

"पंखा अर्धी फेरी घेतो आणि थांबतो."

दुष्काळात तेरावा महिना. "फसवलं त्याने," मी म्हणालो. "मी आधीच सांगितलं होतं." मी आधी असं काही सांगितलं नव्हतं, पण असं म्हणायची आपली पद्धत असते.

त्या दिवशी ताईने काय काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांत कळत होतं, कारण ती दर तासाने फोन करायची आणि मी दर तासाने चिडायचो. तिने मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. गोल बॅटरी बदलली. खालच्या मजल्यावरच्याचा वीजपुरवठ्याचा डबा उसना आणून जोडून पाहिला. पंखा अर्धी फेरी घ्यायचा आणि थांबायचा. दुपारी ती बोर्ड पिशवीत घालून दुकानात गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला लबाड म्हणाली. माझी ताई, जी बसमध्ये पायावर पाय पडला तरी स्वतःच माफी मागते. दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला, बोर्ड टेबलावर नुसता ठेवून तारा जोडल्या आणि बटण दाबलं. बोर्ड सुरू झाला.

"आता बोला," तो म्हणाला.

ती बोर्ड घेऊन घरी आली, पुन्हा बसवला. अर्धी फेरी.

मी पाच वाजता पोहोचलो तेव्हा ती पेटीसमोर भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल होते. दोन दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला तिची दया आली आणि दया आली की मला राग येतो.

"पुरे झालं ताई! एका भंगार बोर्डासाठी लोकांशी भांडतेस, उपाशी बसतेस. उद्या कोर्टात सांगून टाक, जमत नाही. आणि सामान बांध. खोली आहे ना तिकडे!"

"दुकानात चालतो," ती पेटीकडे बघत म्हणाली. माझं एक अक्षरही तिच्या कानात शिरलं नव्हतं. "टेबलावर चालतो. पेटीत चालत नाही. म्हणजे खोट बोर्डात नाही, पेटीत आहे."

तिने पुन्हा आठही स्क्रू काढले, पण या वेळी बोर्ड उचलून लगेच बाजूला न ठेवता उलटा केला. मागे, डाग दिलेल्या टोकांच्या मधोमध, एक ताजा ओरखडा चमकत होता. तिने बोटाने पेटीच्या तळावरून अंदाज घेत घेत नेमकी जागा गाठली.

"इथं खुंटी कुणी लावली?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मी काढून ठेवली होती. या बोर्डाला तिथं भोक नाही. तिचं पितळ मागून टेकतं आणि सगळा प्रवाह जागच्या जागी मरतो. कुणी लावली?"

"शिल्लक राहिली होती," मी म्हणालो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा काखेत ठेवणारा मीच, आणि वळसा घालून दमली ती. मला वाटलं आता ती मला पकड फेकून मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. तिने खुंटी फिरवून काढली, ट्रेच्या शेवटच्या खळग्यात टाकली आणि म्हणाली, "बाबांचा मुलगा शोभतोस." मग बोर्ड बसवला, तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा पूर्ण फिरला, फिरतच राहिला. एक छोटी शिट्टी वाजली आणि पडद्यावर अक्षरं आली. ताईने किल्ली खोचली आहे ना ते मागे हात घालून चाचपलं. प्रोग्रॅम उघडला, पंच्याण्णव पानं दिसली. तिने पदराने चष्मा पुसला.

पंचेचाळीस पानं उरली होती. अख्खा एक दिवस मी खाल्ला होता.

"वाच," ती म्हणाली आणि कागदांचा गठ्ठा माझ्या मांडीवर आपटला.

मी बँकेत फोन करून गुरुवारची रजा टाकली. बुधवारी रात्रीच्या जेवणापर्यंत आणि गुरुवारी सकाळी सहापासून मी वाचत होतो आणि ती टाइप करत होती. मी तिला काम करताना इतका वेळ कधी पाहिलंच नव्हतं. ती पडद्याकडेही बघत नव्हती, बोटांकडेही नाही. माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी शब्द संपवायच्या आत तो उमटलेला असायचा. अडखळायचो मी.

"'साक्षीदार घराच्या... कौलात...'"

"कोपऱ्यात. कौलात कसा उभा राहील? पुढे."

"अक्षर बघ याचं! मुंग्यांनी शाई पिऊन..."

"धाकट्या, टिप्पणी नको. वाच."

धाकट्या म्हणते ती मला. मी बावन्न वर्षांचा आहे, कर्ज मंजूर करतो, माझ्या सहीशिवाय पान हलत नाही. आणि तिथं मी स्वल्पविराम मोठ्याने वाचायला विसरलो म्हणून बोलणी खात होतो. मान आखडली, घसा बसला. ही बाई बावीस वर्षं हे एकटीने करते, समोर कागद लावून, कुणी वाचून न दाखवता. मी मात्र याला 'बोटं झिजवणं' म्हणत आलो.

शेवटचं पान सव्वातीनला झालं. छापायला, तपासायला, टाचायला तासभर. पाचला वीस मिनिटं असताना आम्ही कोर्टाच्या खिडकीशी उभे होतो. आतल्या कारकुनाने पानं मोजली, शिक्का मारला.

"ताई, तुम्ही नेहमी दोन दिवस आधी देता. यंदा काय झालं?"

मी जमिनीकडे बघू लागलो.

"घरचं काम निघालं," ताई म्हणाली.

परतताना तिने रिक्षा त्या दुकानापाशी थांबवली. आत जाऊन, गिऱ्हाइकांसमोरच, म्हणाली, "काल मी तुम्हाला लबाड म्हटलं. तुमचा बोर्ड चांगला आहे. चूक आमच्या घरची होती." दुकानदार चष्म्याशी चाळा करत म्हणाला, "असू दे हो." तिने माझ्याकडे पाहिलं. "माझी होती," मी म्हणालो.

घरी आल्यावर ती पेटीची बाजूची पट्टी बसवू लागली. मी आपणहून टॉर्च धरली. झालं तेव्हा ट्रेमध्ये ती खुंटी आणि तिचा एक स्क्रू उरला. माझी नजर जाऊन जाऊन तिकडेच.

"कुठंतरी ठेवून दे ना ती," मी म्हणालो. "उगाच शिल्लक दिसते."

"शिल्लक आहे, तर दिसणारच." ताईने ट्रे उचलून कपाटावर ठेवला. "सगळे मलाही हेच म्हणायचे. मोठीचं लग्न झालं नाही, राहिली. बाबा तर माझ्याकडे बघून रात्र-रात्र जागे पडून असायचे, जसं काही यंत्र बंद करताना मी हातात उरले. प्रत्येक वस्तू कुठंतरी खुपसायचीच असते का रे? जिथं भोक नाही तिथंसुद्धा?"

"तसं नाही ताई. मी आपलं काळजीपोटी..."

"माहितीय." ती खुर्चीत बसली, बोटं मोडली. "काल दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला होता. मागची खोली रिकामी केली म्हणाली. पडदे कुठल्या रंगाचे आवडतील, विचारत होती."

काल दुपारी. तेव्हा गुरुवारचे पाच वाजायला दिवसाहून जास्त वेळ शिल्लक होता.

मी टॉर्च विझवली.

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, बघू," ताई म्हणाली आणि पुढच्या कामाचा गठ्ठा सोडू लागली.