घरात न ठेवायचे फोटो

इस्पितळात तिला सगळे फोटोवाल्या बाई म्हणत. सव्वीस वर्षं तिने तिथे जखमांचे, वाकड्या हाडांचे, कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांचे फोटो काढले. पण मधूनच प्रसूतीच्या वॉर्डातून सिस्टरचा निरोप येई, “बाई, जरा येता का?” त्या आवाजावरूनच तिला कळे. जन्मतःच गेलेलं बाळ दुपट्यात नीट गुंडाळायचं, खिडकीच्या उजेडात ठेवायचं आणि एक फोटो काढायचा. कित्येक आईबापांना तो बघवतही नसे. त्यांना ती म्हणे, “आज नको तर नको. माझ्याकडे राहील. कधीही या.”

आणि लोक येत. एक बाई तर एकोणीस वर्षांनी आली होती.

ते फोटो तिने घरी कधी आणले नाहीत. देवभोळी नव्हती ती, पण घरात लहान लेक होती. कामावरून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती लेकीला जवळ घेत नसे. निवृत्तीच्या वेळी इस्पितळाने ते ठेवायला जागा नाही म्हणून हात वर केले, तेव्हा भाचीने सगळे फोटो क्लाउडवर, म्हणजे एका कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, चढवून दिले. चारशे बारा. घरच्या संगणकावर नुसती नावं दिसायची. उघडलं तरच फोटो वरून घरच्या संगणकात यायचा. वचन पाळलं गेलं आणि घरही मोकळं राहिलं.

पुढे तो संगणक म्हातारा झाला, धापा टाकू लागला. भाचीने त्यावर लिनक्स ही फुकटची, हलकी यंत्रणा घातली आणि तो पुन्हा तरतरीत झाला. त्याच आठवड्यात लेक राहायला आली. नववा महिना, आणि जावई कामासाठी दूर. घर दोन खोल्यांचं, म्हणून लेकीची खाट संगणकाच्याच खोलीत लावली.

तिसऱ्या दुपारी लेक झोपली होती. बाई पांघरूण सारखं करायला वाकली, तर संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उगवली: ‘नवीन फाईल: मुलगी, दोन किलो शंभर.’ ती विरली, दुसरी आली: ‘नवीन फाईल: मुलगा, नऊशे ग्रॅम.’

बिननावाच्या बाळांना ही नावं तिनेच दिली होती. तिने स्वयंपाकघरात जाऊन भाचीला फोन लावला.

“अगं, ते सगळे खाली उतरताहेत! घरात!”

“मावशी, क्लाउडवाल्या कंपनीने लिनक्ससाठी प्रोग्राम काढलाच नाहीये. हा कुणीतरी फावल्या वेळात लिहिलाय. नुसती नावं दाखवणं याला जमत नाही. वर जे आहे ते सगळंच्या सगळं खाली आणतो.”

“हे आधी सांगायचं नाही?”

“धर्माची गाय आणि दात का गं नाय! फुकट मिळालाय ना? बरं, ऐक, आता आधी...”

बाईने ऐकलंच नाही. वर तर आहेतच, असं समजून तिने खोलीत जाऊन फोटो उतरत होते ते फोल्डर पुसून टाकलं. मग सुटकेचा श्वास टाकून पुन्हा फोन केला. “पुसलं गं सगळं.”

“मावशी, आधी प्रोग्राम क्लाउडपासून तोडायचा असतो गं. इथलं पुसलं की तो वरचंही पुसतो.”

“म्हणजे... गेले?”

“वरच्या कचरापेटीत आहेत. तीस दिवस राहतात. रविवारी येते, प्रोग्राम काढते, मग परत आणू. तोवर हात लावू नकोस, नाहीतर पुन्हा सगळे तुझ्या घरात उतरतील.”

रविवारला चार दिवस होते. थांबायला काहीच हरकत नव्हती. पण भांडी घासताना, लेकीच्या पायांना तेल लावताना एकच शब्द डोक्यात घुमे: कचरापेटी. आपण गुंडाळलेली, आपण उजेडात ठेवलेली बाळं. माझ्याकडे राहतील, म्हणाले होते मी.

दुसऱ्याच दुपारी ती संगणकासमोर बसली. मागे लेकीचा संथ श्वास चालू होता. तिने क्लाउडची कचरापेटी उघडली, सगळे फोटो निवडले आणि ‘परत ठेवा’वर बोट दाबलं.

काही वेळ काहीच झालं नाही. मग कोपऱ्यात पाटी उगवली आणि बाईने ती पुटपुटत वाचली. मुलगी, दोन किलो शंभर.

“कोण आलं गं?” लेकीने खाटेवरूनच विचारलं.

“कुणी नाही. झोप तू.”

लेक उठलीच. पोटावर हात ठेवून मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर एकेक चिमुकला चौकोन भरत होता. बाईला पडदा झाकावासा वाटला, पण तिने झाकला नाही.

“तीच ना ही बाळं?” लेक हळूच म्हणाली. “ज्यांच्यासाठी तू येऊन हात धूत बसायचीस, ती?”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? बेसिनपाशी बोलायचीस की त्यांच्याशी.” तिने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली. “सगळी आली का, ते मोज आता.”

लेक पुन्हा झोपली. बाईने मोजली. चारशे बारा. वचन शाबूत होतं.

मग खाटेकडे पाठ असूनही तिने कान देऊन लेकीचा श्वास ऐकला आणि पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतली. या वेळी एखादं जास्त तर नाही ना, हे बघायला.