सीटखाली सोऱ्या

आता कसं सांगू, अजून आठवलं की कान गरम होतात. पण चहा घेताय तोवर ऐकाच.

नवं लग्न, नवंकोरं लायसन्स. डेट्रॉईटला मामेसासऱ्यांकडे जेवायला गेलो, तर मामींना लायसन्सवरचा फोटोसुद्धा कौतुकानं दाखवून झाला. निघताना मी जाहीर केलं, "पूल ओलांडून कॅनडात आपलं विंडसर आलं की गाडी मी चालवणार."

"घाबरणार नाहीस ना?" निखिल म्हणाला. निखिल म्हणजे आमचे हे.

मी? छे! दाखवतेच म्हटलं.

मामींनी आमच्या पहिल्या दिवाळीच्या चकल्यांसाठी त्यांचा पितळी सोऱ्या दिला. मामांनी उपदेश दिला. स्वेटरखाली परवान्याचं पिस्तूल बाळगतात ते! "पोलिसानं अडवलं की हात स्टेअरिंगवर. लायसन्स आहे, वस्तू अमुक ठिकाणी आहे, न विचारता आधी सांगायचं. मग बघ कसे सभ्य वागतात! 'तू तुझं काढू नकोस, मी माझं काढत नाही' म्हणतात."

हे मला कशाला हवं होतं? पण डोक्यात बसलं.

घराजवळ सिग्नलला ब्रेक दाबला आणि मागचा सोऱ्या गडगडत माझ्या सीटखाली. पायात येईल म्हणून वाकून आत ढकलला, तोच मागे लाल-निळे दिवे!

पोलीस खिडकीशी आला. "मॅम, युअर ब्रेक लाइट इज आउट."

एवढंच हो! पण माझे हात केव्हाच स्टेअरिंगवर. मामांचा धडा घडाघडा बाहेर. "ऑफिसर, आय हॅव लायसन्स! इट इज अंडर माय सीट!"

तो एक पाऊल मागे सरला. "व्हॉट इज अंडर युअर सीट?"

"सोऱ्या."

"डोन्ट बी सॉरी. व्हॉट इज इट?"

"सोऱ्या!"

"मॅम, प्लीज स्टॉप अपॉलोजायझिंग."

"अगं, चकली म्हण, चकली!" निखिल कुजबुजला.

मला इंग्रजीत जमलं ते असं: "ब्रास... लाँग बॅरल..."

निखिलनं डोळेच मिटून घेतले.

मग काय! आम्ही दोघं फुटपाथवर, समोरच्या बसस्टॉपवर सगळी गर्दी फोन सोडून आमच्याकडे बघतेय. पोलिसानं वाकून अलगद सोऱ्या काढला. दांडा फिरवला. मामींच्या गेल्या दिवाळीच्या पिठाचा चुरा त्याच्या बुटांवर.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"ओके. सो धिस इज सोऱ्या. नाऊ, लायसन्स प्लीज."

पर्स उघडली. आणि डोळ्यांसमोर आलं मामींचं जेवणाचं टेबल, लोणच्याच्या बरणीशेजारी माझा हसरा फोटो. डेट्रॉईटमध्ये!

मान खाली घालून पुटपुटले, "सॉरी."

त्यानं हातातला सोऱ्या वर केला. "नो मॅम, दॅट्स हिअर. व्हेअर इज द लायसन्स?"