वळणावरचे शेषराव काका

काल मुलीच्या शाळेत धावण्याच्या स्पर्धेसाठी मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारणं चाललं होतं. फक्कीचा तो कोरडा वास नाकात गेला आणि मी थेट जुन्या जालन्याबाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन पोचले. तिथे दर रविवारी सकाळी आमच्या क्लबच्या रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. मी नुकतीच सभासद झाले होते.

क्लबमधल्या शेषराव काकांकडे स्वतःची रिमोटची गाडी नव्हती. तरी ते राजूरहून सगळ्यांच्या आधी यायचे, पाणी मारून माती बसवायचे, फक्की टाकायचे आणि शर्यतभर वळणावर उभे राहायचे. माझ्या पहिल्या शर्यतीत पहिल्याच फेरीला वळणावर माझी गाडी उलटली. मी तिच्याकडे धावले, तर ते ओरडले, "पळू नको पोरी! तू बराबर चालव, उचलायला मी हाये ना." चाकं गरगरतच होती. त्यांनी गाडी सरळ केली, बोटाने तिच्यावरची माती पुसली आणि मगच खाली ठेवली.

शर्यत संपल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हाला चालवू वाटत न्हाई का?"

माझ्या हातातल्या रिमोटकडे बघत ते म्हणाले, "वाटतं की. पण मंग वळणावर कोन उभं राहील?"

मी हसले, बॅटरी बदलली आणि पुढच्या शर्यतीच्या तयारीला लागले.

त्या जागेवर आता दुकानं झालीत. काकाही राहिले नाहीत. "मी उभी राहते की," एवढंच तर तेव्हा म्हणायचं होतं.