ऊन न दाखवलेल्या काचा

१२ डिसेंबर, सकाळचे ६ वाजून ४० मिनिटे. संभाजीनगरच्या बसस्थानकावर मी तिसऱ्यांदा पिशवी तपासत होतो. पाण्याचा फवारा, मऊ फडके, डबा.

काचेवर टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर देणाऱ्या दुकानात मी कामाला आहे. अशा काचेवर पाणी पसरते आणि धूळ घेऊन खाली उतरते. पैठणच्या शांतामावशी पैठणी विणतात. त्यांच्या मागाजवळच्या खिडकीच्या काचा हे माझे एकट्याने केलेले पहिले काम. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "पाणी पसरत नाय, थेंब उभे राहतात. काचा घेऊन जा." मालक म्हणाले, "काचा परत आल्या, तर तू येऊ नकोस."

पैठणची एसटी दीड तास घेते, तिकिटाला शंभराची नोट पुरते. बिडकीनपर्यंत धूळ फार, रुमाल ठेवा. शेजारच्या काकांनी फवारा पाहून विचारले, "सलून हाय का तुमचं?" मला हसता आले नाही.

मावशींनी आतल्या अंधाऱ्या खोलीत नेले. काचा बसवायला गवंडी अजून यायचा होता, म्हणून त्या पंधरा दिवस गोधडीत गुंडाळलेल्या.

"उन्हानं रेशमाचा रंग उडतो. तसा ह्यो थरबी उडंल, म्हणून लई जपल्या."

थरावर ऊन पडले तरच पाणी पसरते. अंधारात राहिला की पुन्हा थेंब धरतो. हे मला शिकवले होते. मी मावशींना सांगितलेच नव्हते.

"चूक माझी आहे, मावशी. आजचा दिवस द्या."

काचा अंगणात मांडल्या. साडेबाराला फवारले, थेंब जरा बसके झाले होते. मी तिथून हललो नाही.

"काचेला दृष्ट लावशील. जेव आधी." मावशींनी भाकरी आणि वांग्याचे भरीत वाढले. माझा डबा तसाच राहिला.

साडेतीनला मावशींनीच फवारले. एकही थेंब उभा राहिला नाही. पाणी सपाट पसरून खाली ओघळले.

"व्हय की रे!" त्यांनी आणखी दोनदा फवारले आणि माझ्याच फोनवरून मालकांना सांगितले, "काचा ठेवून घेते. पोरगं चांगलं हाय, पण त्याला बोलायला शिकवा."

घरी पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. जाऊन-येऊन एसटी आणि चहा, दोनशेच्या आत. दिवसभर काचेकडे बघत बसलो, माग पाहायचा राहूनच गेला. तुम्ही गेलात तर सकाळी जा, तेव्हा उजेड चांगला असतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मालकांनी नव्या गिऱ्हाइकाचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.